जवळजवळ सारख्या स्पेलिंगचे इंग्रजी शब्द : घोटाळा नेमका कुठे होतो?

धागाकर्ता : अक्षरजुळणी

दिसायला जुळ्या इंग्रजी शब्दांच्या याद्या नेटवर ढिगाने सापडतात. डावीकडे एक शब्द, उजवीकडे दुसरा, खाली अर्थ. त्या पाठ करून फारसा उपयोग होत नाही. ऐन लिहिताना दोन्ही शब्द एकदमच समोर येतात आणि कोणता कुठला, हे तिथेच अडतं. म्हणून आधी जोडी कोणत्या जातीची आहे ते ओळखावं. काही जोड्यांत एक नाम असतं आणि दुसरं क्रियापद. काहींत फक्त उपसर्ग बदललेला असतो, काहींत प्रत्यय. उरलेल्या निव्वळ योगायोगाने सारख्या. पाठांतर लागतं ते या शेवटच्यांना. बाकीच्यांना नियम आहेत आणि ते बऱ्यापैकी भरवशाचे आहेत.

सुरुवात नाम-क्रियापदाच्या जोड्यांपासून करतो, कारण मराठी माणूस सर्वांत जास्त इथे अडखळतो. त्याचं कारण मराठीच्या घडणीत आहे. आपण इंग्रजी शब्द उचलतो आणि त्याला करणे, होणे, देणे जोडतो. प्रॅक्टिस करतो, ॲडव्हाइस देतो, इफेक्ट होतो. क्रियेचं सगळं काम 'करणे' किंवा 'होणे' उचलतं, त्यामुळे मूळ शब्द नाम होता की क्रियापद याची मराठीला फिकीर नसते. साहजिकच इंग्रजीतलं क्रियापदाचं वेगळं रूप आपल्या तोंडात बसतच नाही. 'औषधाचा झोपेवर इफेक्ट झाला' हे डोक्यात ठेवून इंग्रजी लिहिलं की 'द मेडिसिन इफेक्टेड माय स्लीप' असं कागदावर उतरतं. तिथे ए-ने सुरू होणारं अफेक्ट हवं असतं.

अफेक्ट-इफेक्टचा ढोबळ नियम सगळ्यांना माहीत आहे : क्रियापद ए-ने, नाम ई-ने. पारखायला सोपं आहे. शब्दाच्या आधी 'द' किंवा 'ॲन' बसत असेल तर ई. पण दोन्ही बाजूंना एकेक अपवाद आहे आणि तो ठाऊक नसला की बरोबर लिहिलेलं खोडलं जातं.

पहिला अपवाद : इफेक्ट क्रियापद म्हणूनही येतं आणि तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणे' असा होतो. 'टु इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणे. त्याच जागी अफेक्ट घातलं तर अर्थ होतो, होणाऱ्या बदलावर काहीतरी परिणाम करणे. दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध. त्यामुळे स्पेलचेकर गप्प राहतो आणि चुकीचा अर्थ तसाच छापला जातो. करारात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

दुसरा अपवाद : मानसशास्त्रात ए-ने सुरू होणारं अफेक्ट हे नाम आहे, आघात (उच्चारातला जोर) पहिल्या अक्षरावर. माणसाच्या चेहऱ्यावर, आवाजात दिसणारी भावना असा त्याचा अर्थ. रुग्णाच्या नोंदीत 'फ्लॅट अफेक्ट' दिसलं तर ते खोडू नये.

आता एक मोठा नियम, जो याद्यांमध्ये सहसा नसतो. नामाचा शेवट अघोष (उच्चारताना घशात कंप नसलेला, जसा 'स') आणि क्रियापदाचा घोष (कंप असलेला, जसा 'ज'), अशी इंग्रजीत जोड्यांची मोठी रांग आहे. ॲडव्हाइसमध्ये शेवटी 'स', ॲडव्हाइझमध्ये 'जवळ'मधल्या 'ज'सारखा आवाज. डिव्हाइस आणि डिव्हाइझ तसेच. बिलीफ-बिलीव्ह, प्रूफ-प्रूव्ह, ग्रीफ-ग्रीव्ह, हाफ-हाव्ह, शेल्फ-शेल्व्ह. ब्रेथ म्हणजे श्वास, ब्रीद म्हणजे श्वास घेणे. क्लॉथ-क्लोद, बाथ-बेद, टीथ-टीद यांचंही तेच. 'यूज' या शब्दाचं स्पेलिंग एकच, पण नाम असताना शेवटी 'स' आणि क्रियापद असताना घोष आवाज. मूळ कारण जुन्या इंग्रजीत आहे. क्रियापदाला पुढे प्रत्ययाचा स्वर लागायचा, आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलेलं एफ, एस किंवा टी-एच घोष व्हायचं. पुढे प्रत्यय झिजला, आवाज तसाच राहिला. फ्रेंचमधून आलेले ॲडव्हाइससारखे शब्दही याच साच्यात बसले. लिहिताना खूण म्हणून शेवटचा ई उरला : ब्रेथला ई नाही, ब्रीदला आहे. क्लॉथला नाही, क्लोदला आहे.

मराठी लिपीला थ आणि द, स आणि ज हे भेद दाखवता येतात, हा आपला फायदा आहे. शब्द मनात देवनागरीत नीट उच्चारून पाहिला तर निम्म्या जोड्या तिथेच सुटतात. लूस आणि लूझ घ्या. सैल म्हणजे लूस, शेवटी 'स', स्पेलिंगमध्ये दोन ओ. हरवणे किंवा हरणे म्हणजे लूझ, शेवटी घोष, एकच ओ. मराठीत दोन्हींना सरसकट 'लूज' म्हटलं जातं आणि मग सामना हरण्याऐवजी सैल होतो.

बाकीच्या जातींबद्दल जाणकारांनी भर घालावी.

---

नवशिका_लेखक

खूप उपयोगी धागा. एक शंका. ॲडव्हाइस-ॲडव्हाइझ कानाला वेगळे लागतात, पण प्रॅक्टिसच्या दोन्ही स्पेलिंगांचा उच्चार एकच आहे. तिथे कसं ठरवायचं?

---

काळी_शाई

@नवशिका_लेखक, तिथे कान कामाचा नाही, अदलाबदल कामाची. वाक्यात प्रॅक्टिसच्या जागी ॲडव्हाइस किंवा ॲडव्हाइझ घालून बघा. वाक्याचा अर्थ बिघडला तरी चालेल, फक्त कोणतं रूप व्याकरणात बसतं ते पाहायचं. 'शी मस्ट ॲडव्हाइझ डेली' बसतं, म्हणून तिथे एस. 'शी नीड्स ॲडव्हाइस' बसतं, म्हणून तिथे सी. लायसन्सलाही हीच चाचणी.

पण हा नियम ब्रिटिश लेखनापुरता आहे आणि खरा गोंधळ पुढे आहे. अमेरिकन लेखनात प्रॅक्टिस नाम असो की क्रियापद, नेहमी सी. लायसन्स मात्र नाम आणि क्रियापद दोन्हींत एस. म्हणजे एका शब्दात नामाचं रूप जिंकलं, दुसऱ्यात क्रियापदाचं. डिफेन्स ब्रिटिशमध्ये सी, अमेरिकनमध्ये एस, पण डिफेन्सिव्ह दोन्हीकडे एस. लायसन्सी, म्हणजे परवानाधारक, हाही दोन्हीकडे एसच. ॲडव्हाइस-ॲडव्हाइझ आणि डिव्हाइस-डिव्हाइझ या दोन जोड्या अटलांटिकच्या दोन्ही काठांवर सारख्या, कारण तिथे उच्चारच वेगळा आहे.

प्रॉफेसी ही जोडीही लक्षात ठेवण्यासारखी. भविष्यवाणी म्हणजे सी-वाय, उच्चार प्रॉफेसी. भविष्य वर्तवणे म्हणजे एस-वाय, उच्चार प्रॉफेसाय.

ब्रिटिश लेखनात असे आणखी काही शब्द आहेत, जिथे अर्थाप्रमाणे स्पेलिंग बदलतं आणि अमेरिकेत बदलत नाही. लांबीचं एकक असेल तर मीटरचा शेवट आर-ई, मोजण्याचं यंत्र असेल तर ई-आर. कवितेचं वृत्त आर-ई, पण पेंटामीटर, हेक्झामीटर ई-आर. इमारतीचा मजला म्हणजे स्टोरी, त्यात वायच्या आधी ई. गोष्ट म्हणजे स्टोरी, ई नाही. कार्यक्रमाचा प्रोग्रॅम शेवटी एम-एम-ई, संगणकाचा नुसता एम. हवेचा झोत म्हणजे ड्राफ्ट, त्यात यू-जी-एच. मसुदा म्हणजे ड्राफ्ट, त्यात एफ. पैसे द्यायचा चेक क्यू-यू-ई, तपासायचा चेक सी-के. साधी विचारपूस ई-ने सुरू होणारी एन्क्वायरी आणि अधिकृत चौकशी आय-ने सुरू होणारी, असा भेद बरेच ब्रिटिश संपादक पाळतात, सगळे नाही.

लेखनाला बसण्याआधी एकच पद्धत ठरवावी आणि दस्तऐवजाची भाषा तीच लावून टाकावी. अर्ध्या पानावर ब्रिटिश आणि अर्ध्यावर अमेरिकन असलं की वाचणाऱ्याला नियमाने लिहिलेलंही चुकीचं वाटतं.

---

तळटीप

प्रत्ययांच्या जोड्यांबद्दल लिहितो. माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष याच जातीकडे होतं, कारण लोक यांना योगायोगाच्या जोड्या समजतात आणि घोकत बसतात.

प्रिन्सिपलचं उदाहरण घ्या. 'शाळेचा प्रिन्सिपल तुमचा पॅल म्हणजे मित्र, म्हणून शेवटी पी-ए-एल' ही क्लृप्ती सगळीकडे सांगितली जाते. तिने एकच प्रयोग सुटतो. कर्जाची मुद्दल, मुख्य कारण, नाटकातली प्रमुख भूमिका यांना ती लागू पडत नाही, आणि चुका बहुतेक तिथेच होतात. त्याऐवजी प्रत्यय पाहा. ए-एल हा विशेषणाचा प्रत्यय : नॅशनल, सेंट्रल, फायनल. म्हणजे ए-एलवालं प्रिन्सिपल हे मुळात विशेषण, अर्थ 'मुख्य'. मुख्य शिक्षक, मुख्य रक्कम यांतलं दुसरं पद गळालं आणि विशेषणच नाम होऊन बसलं. एल-ईवालं प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व, ते फक्त नाम, जसं आर्टिकल, पार्टिकल. तेव्हा प्रश्न एकच विचारायचा : इथे 'मुख्य' हा अर्थ लपला आहे का? असेल तर ए-एल.

स्टेशनरीचंही तसंच. ए-आर-वाय हा बहुधा विशेषणाचा शेवट : प्रायमरी, टेम्पररी, सेकंडरी. ई-आर-वाय हा वस्तूंचा किंवा धंद्याचा शेवट : बेकरी, ग्रोसरी, पॉटरी, कटलरी. उभी असलेली गाडी ए, वह्या-पेन्सिली ई. शिवाय वह्या विकणारा तो स्टेशनर, बेकरी चालवणारा बेकर, दोघांच्या शेवटी ई-आर. गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ एकच. मध्ययुगात फिरत्या विक्रेत्यांच्या उलट एका जागी दुकान मांडून बसणारा तो स्टेशनर, आणि विद्यापीठांपाशी पुस्तकं-कागद विकणाऱ्यांना ते नाव चिकटलं.

यू-एस आणि ओ-यू-एस ही आणखी एक जोडी. ओ-यू-एस म्हणजे विशेषण, जसं फेमस, डेंजरस. म्हणून शरीरातला चिकट स्राव म्यूकस यू-एस, पण त्याचा पडदा 'म्यूकस मेंब्रेन' ओ-यू-एस. हातावरचा घट्टा कॅलस यू-एस, निष्ठुर माणूस कॅलस ओ-यू-एस.

आय-सी आणि आय-सी-ए-एल इथे जरा थांबावं लागतं, कारण दोन्ही विशेषणंच आहेत आणि अर्थ प्रत्येक जोडीत वेगळ्या वाटेने गेला आहे. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात नोंद व्हावी असा. हिस्टॉरिकल म्हणजे नुसता इतिहासाशी संबंधित. म्हणून गेल्या काही वर्षांची जुनी आकडेवारी 'हिस्टॉरिकल डेटा', मग ती कितीही साधी असो. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेचा, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचा. धोरण इकॉनॉमिक, कमी इंधन पिणारी गाडी इकॉनॉमिकल. क्लासिक म्हणजे आपल्या प्रकारातला अव्वल नमुना, क्लासिकल म्हणजे अभिजात परंपरेतला. इलेक्ट्रिक हे विजेवर चालणाऱ्या ठरावीक वस्तूला लागतं, जसं इलेक्ट्रिक मोटर. इलेक्ट्रिकल हे विषयाला, व्यवसायाला किंवा समूहाला लागतं, जसं इलेक्ट्रिकल इंजिनियर, इलेक्ट्रिकल फॉल्ट. क्रियाविशेषण करताना मात्र हा भेद पुसला जातो. दोन्हींपासून 'इकॉनॉमिकली'च होतं, त्यामुळे ते वाक्य संदिग्ध वाटलं तर मोडून पुन्हा लिहावं. या शेवटातून सुटलेला नेहमीचा शब्द म्हणजे पब्लिकली. त्यात ए-एल येत नाही, थेट सी-एल-वाय.

---

नाडीपरीक्षा

उपसर्गाच्या जोड्या वैद्यकात सर्वांत धोकादायक, कारण तिथे एका अक्षराने अर्थ उलटा होतो.

हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. हायपरग्लायसेमियात रक्तातली साखर वाढलेली, हायपोग्लायसेमियात घटलेली. एकाचा उपाय बऱ्याचदा इन्सुलिन, दुसऱ्याचा साखर. नोंद घाईत लिहिली आणि उपसर्गाचा शेवट पुसट झाला तर वाचणाऱ्याला काहीच आधार उरत नाही. म्हणून अशा ठिकाणी शब्दाशेजारी मोजलेला आकडा लिहावाच. आकडा चूक उघडी पाडतो.

ॲबडक्शन म्हणजे हातपाय शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणे, ॲडक्शन म्हणजे जवळ आणणे. बी आणि डी, एवढाच फरक, आणि कानाला तो जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून शिकवताना 'ए-बी-डक्शन', 'ए-डी-डक्शन' असं अक्षरं सुटी करून म्हणतात. तोंडी सूचना देताना तीच पद्धत ठेवावी. इंटर म्हणजे दोहोंच्या मध्ये, इंट्रा म्हणजे आत. पेरिनिअल हा गुदद्वार आणि जननेंद्रियांमधल्या भागाचा, पेरोनिअल पायाच्या नडगीच्या बाहेरच्या अंगाचा. इलियम दोन आहेत : मध्ये आय असेल तर कमरेचं हाड, ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग. तिथे ईटिंगचा ई आठवावा. प्रोस्टेट ही ग्रंथी, प्रोस्ट्रेट म्हणजे पालथा पडलेला.

औषधांच्या नावांबाबत तर यासाठी व्यवस्थाच उभी केली आहे. हायड्रॅलझिन हे रक्तदाबाचं औषध, हायड्रॉक्सिझिन हे ॲलर्जीवरचं. सुरुवात एक, शेवट एक, लांबी जवळपास तेवढीच. अशा नावांत जो भाग वेगळा आहे तेवढाच मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) छापायचा, बाकी लहान लिपीत. याला 'टॉल मॅन' लेखन म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2001 मध्ये अशा जोड्यांची यादी करून उत्पादकांना ही पद्धत सुचवली. कर्करोगाच्या व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन या औषधांना ती विशेष लागते. व्हिनक्रिस्टिनचा एका वेळचा डोस साधारणपणे 2 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, व्हिनब्लास्टिनचा डोस त्याहून बराच मोठा असतो. नावांची अदलाबदल झाली तर ती जिवावर बेतते.

काही वेळा नावच बदलावं लागलं आहे. अमेरिकेत ओमेप्राझोल हे औषध लोसेक या नावाने आलं, आणि लॅसिक्स या लघवी वाढवणाऱ्या औषधाशी त्याची गल्लत व्हायला लागली. 1990 मध्ये तिथे ते प्रायलोसेक झालं. 2016 मध्ये ब्रिंटेलिक्स या नैराश्यावरच्या औषधाचं ट्रिंटेलिक्स झालं, कारण रक्त पातळ ठेवणाऱ्या ब्रिलिंटाशी ते नाव फार जुळत होतं.

---

रसायनी

@नाडीपरीक्षा यांच्या प्रतिसादाला पुस्ती. रसायनशास्त्रात शेवटचं अक्षर हाच पदार्थ. तिथे स्पेलिंग चुकणं म्हणजे वेगळी बाटली उचलणं.

आइड, आइट, एट हे तीन शेवट आधी घट्ट करावेत. आइड म्हणजे त्या मूलद्रव्याचा साधा आयन, ऑक्सिजन नाही : सल्फाइड, नायट्राइड, क्लोराइड. हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे ठळक अपवाद. आइट आणि एट या दोन्हींत ऑक्सिजन असतो, एटमध्ये एक अणू जास्त. इथे बरेचजण आकडा पाठ करतात आणि फसतात. नायट्राइटमध्ये ऑक्सिजनचे 2 अणू, नायट्रेटमध्ये 3. पण सल्फाइटमध्येच 3 आणि सल्फेटमध्ये 4. म्हणून लक्षात ठेवायचं ते 'आइटपेक्षा एटमध्ये एक जास्त' एवढंच. क्लोरिनच्या घरात उपसर्गही येतात : हायपोक्लोराइट 1, क्लोराइट 2, क्लोरेट 3, परक्लोरेट 4. कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं ते सोडियम हायपोक्लोराइट. सोडियम क्लोरेट हे तणनाशक म्हणून वापरलं गेलेलं तीव्र ऑक्सिडीकारक. ते ब्लीच नव्हे.

हायड्रोकार्बनमध्ये एकाच स्वराचा खेळ. इथेन, इथीन, इथाइन : स्पेलिंगमध्ये ए, ई, वाय. कार्बनमधला बंध अनुक्रमे एकेरी, दुहेरी, तिहेरी. हाताने लिहिलेल्या वहीत ए आणि ई सहज मिसळतात, म्हणून शेजारी सूत्र लिहावं.

सिलिकॉन आणि सिलिकोन यांना मराठीत सर्रास एकच नाव मिळतं. शेवटी ई नसलेलं ते मूलद्रव्य, ज्याच्या चकत्यांवर चिप बनतात. शेवटी ई असलेला तो रबरासारखा बहुलक, ज्याच्या साखळीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीने येतात. खिडकीच्या फटीत भरतात तो ई-वाला. तळटीप यांचा ओ-यू-एसचा नियम इथेही चालतो. फॉस्फरस हे मूलद्रव्य यू-एस, फॉस्फरस ॲसिडमधलं विशेषण ओ-यू-एस. फॉस्फॉरिक ॲसिड हे तिसरंच, त्यात ऑक्सिजनचा एक अणू जास्त. ॲब्झॉर्ब म्हणजे आत शोषून घेणे, ॲड्सॉर्ब म्हणजे पृष्ठभागावर धरून ठेवणे. सक्रिय कोळसा करतो ते दुसरं.

इन्फ्लेमेबलबद्दल वेगळं सांगायला हवं. इथला 'इन' नकाराचा नाही. लॅटिनमध्ये पेटवणे या क्रियेलाच तो जोडलेला होता. म्हणजे फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्ही ज्वालाग्राही. पण वाचणारा नकार समजेल या भीतीने अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेने 1920च्या दशकापासून फ्लेमेबल हाच शब्द वापरण्याचा आग्रह धरला. पेटत नाही ते नॉन-फ्लेमेबल. पिंपावर, डब्यावर, फलकावर इन्फ्लेमेबल लिहूच नये.

---

मधली_ओळ

कार्यालयीन लेखनात रोज लागणाऱ्या जोड्या थोडक्यात टाकते.

कॉम्प्लिमेंट : मध्ये ई म्हणजे पूरक, कम्प्लीटचाच तो ई. मध्ये आय म्हणजे प्रशंसा. फुकट मिळालेली प्रत आय-वाली. एकमेकांना पूरक असलेले दोन विभाग ई-वाले. डिस्क्रीट : शेवटी डबल ई-टी म्हणजे गाजावाजा न करणारा, ई-टी-ई म्हणजे सुटा-सुटा. ई-टी-ईमध्ये टीने दोन ई सुटे केले आहेत, ही खूण अर्थाला धरून आहे म्हणून टिकते. डिस्क्रिशन हे नाम मात्र फक्त पहिल्याचं. काउन्सिल म्हणजे मंडळ, काउन्सेल म्हणजे सल्ला किंवा वकील. इन्शुअर आय-ने म्हणजे विमा उतरवणे, ई-ने म्हणजे खात्री करणे, अशुअर म्हणजे माणसाला दिलासा देणे. अशुअरला पुढे माणूस लागतो. पर्सनल म्हणजे वैयक्तिक, डबल एन आणि ई-एलवालं म्हणजे कर्मचारीवर्ग, आघात शेवटी. प्रिस्क्राइब आणि प्रोस्क्राइब तर थेट विरुद्ध : एक नेमून देणे, दुसरं बंदी घालणे. फोरगो : ई नसेल तर सोडून देणे, ई असेल तर आधी येणे, म्हणून 'फोरगॉन कन्क्लूजन'ला ई हवाच.

प्रोसीड-प्रिसीडबद्दल एक पक्की गोष्ट. सी-डबल ई-डी शेवट असलेली क्रियापदं तीनच : एक्सीड, प्रोसीड, सक्सीड. एस-ई-डी-ई शेवट फक्त सुपरसीडचा. बाकी सगळे सी-ई-डी-ई. आणि प्रोसीजरमध्ये सीनंतर एकच ई.

बायॲन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा, बायेनिअल म्हणजे दोन वर्षांतून एकदा. नियमावलीत हे दोन्ही शब्द टाळावेत आणि सरळ 'ट्वाइस अ इयर' किंवा 'एव्हरी टू इयर्स' लिहावं. बायमंथलीबाबत तर शब्दकोशच दोन्ही अर्थ देतात.

---

काळी_शाई

आता तपासणीचं. स्पेलचेकर शब्द कोशात आहे का एवढंच बघतो, आणि या धाग्यातला प्रत्येक शब्द कोशात आहे. मायक्रोसॉफ्ट वर्डने 2007 पासून संदर्भ पाहून निळी रेघ द्यायला सुरुवात केली, पण दोन्ही शब्द व्याकरणात बसतात तिथे तीही भरवशाची नाही. 'कॉझल रिलेशनशिप' म्हणजे कार्यकारण संबंध. अक्षरं उलटसुलट होऊन 'कॅज्युअल' झालं तर तेही शुद्ध इंग्रजी, अर्थ मात्र पार वेगळा.

वर्डमध्ये एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात : वर्ज्य शब्दांची फाइल. विंडोजवर ती अशी भरायची.

आधी वर्ड बंद करा. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह देऊन, ॲपडेटा लिहा आणि एंटर दाबा. तिथून मायक्रोसॉफ्ट, मग यूप्रूफ हे फोल्डर. त्यात 'एक्सक्लूड डिक्शनरी' या शब्दांनी सुरू होणाऱ्या फाइली दिसतील. नावात ईएन आणि पुढे चार आकडे असतात : 0409 अमेरिकन इंग्रजी, 0809 ब्रिटिश, 4009 भारतीय. तुमचा मजकूर ज्या भाषेवर लावला आहे तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडा. एका ओळीवर एक शब्द, सगळी अक्षरं लहान लिपीत. फाइलचं एन्कोडिंग न बदलता सेव्ह करा आणि वर्ड पुन्हा सुरू करा. आता ते शब्द जिथे येतील तिथे लाल रेघ उमटेल.

हे चालत नाही तेव्हा कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. मजकुराची भाषा वेगळी आणि फाइल वेगळी, हे पहिलं. दुसरं म्हणजे फक्त मूळ रूप लिहिलं आणि अनेकवचन, भूतकाळ राहून गेले. प्रत्येक रूप स्वतंत्र ओळीवर लागतं. आणि या फाइलीत तेच शब्द टाका ज्यांची तुम्हाला जवळपास कधीच गरज पडत नाही. मॅनेजरचं चुकून होणारं मेंजर, म्हणजे गोठ्यातली गव्हाण, हे योग्य उदाहरण. युनायटेडचं अनटाइड हे दुसरं. अफेक्ट-इफेक्ट टाकलेत तर पानभर लाल रेघा होतील आणि डोळा त्यांना सरावेल.

लिबरऑफिसमध्ये नवा वैयक्तिक शब्दकोश करताना 'एक्सेप्शन'वर खूण करायची. तिथे चुकीच्या शब्दासमोर सुचवायचा शब्दही देता येतो.

---

अक्षरजुळणी

@काळी_शाई, फार मोलाची भर. याला जोडून : रोज लागणाऱ्या जोड्यांसाठी शोधाची खिडकी वापरावी. आपल्या हातून होणाऱ्या दहा-बारा जोड्यांची चिठ्ठी करायची आणि लेखन संपल्यावर एकेक शब्द शोधत पूर्ण मजकुरातून जायचं. 'पूर्ण शब्दच शोधा' हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर फॉर्म शोधताना प्रत्येक इन्फॉर्मेशनवर थांबाल.

मोठ्याने वाचून घेण्याची सोय असेल तर तिचा उपयोग नेमका कुठे हेही कळलं पाहिजे. अक्षरांची अदलाबदल कानाला लगेच कळते : फॉर्म आणि फ्रॉम, ट्रायल आणि ट्रेल, मॅरिटल आणि मार्शल. प्रिन्सिपल, स्टेशनरी, कॉम्प्लिमेंट मात्र कानाला कधीच सापडणार नाहीत, त्या डोळ्यांनीच शोधायच्या. म्हणून दोन फेऱ्या वेगळ्या ठेवाव्यात.

---

नवशिका_लेखक

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. शेवटची एक शंका : लीडचा भूतकाळ. रीडचा भूतकाळ लिहिताना स्पेलिंग तेच राहतं, उच्चार फक्त रेड होतो. मग लीडचं का नाही?

---

तळटीप

@नवशिका_लेखक, लीडचा भूतकाळ एल-ई-डी, मधला ए जातो. मिसलीडचंही मिसलेड, त्यातही ए नाही. चूक दोन बाजूंनी ओढली जाते. एक म्हणजे तुम्ही म्हणता ते रीड. दुसरं म्हणजे शिसं हा धातू, ज्याचं स्पेलिंग ए-सकट आणि उच्चार नेमका लेड. डोळ्याला ओळखीचं स्पेलिंग आणि कानाला ओळखीचा उच्चार एकत्र आला की हात तेच लिहितो. लीड-लेड-लेड हे ब्लीड-ब्लेड, फीड-फेड, ब्रीड-ब्रेड यांच्या रांगेतलं आहे. त्या सगळ्यांचा भूतकाळ एका ई-ने होतो. त्या रांगेबाहेर राहिलं आहे ते रीड.